खित्बा : इस्लामी आचारात वाग्दत्तांचे स्थान

पेशवेकालीन कागद वाचणाऱ्यास 'नामजाद' आणि 'निसबत' हे दोन शब्द पदोपदी भेटतात. किल्ल्यावर नेमून दिलेले लोक ते नामजाद. अमुक सरदाराच्या पदरी असलेला कारकून तो 'निसबत अमुक'. पहिला शब्द फारसी, दुसरा मूळचा अरबी. दोन्ही फारसी दफ्तरातून मराठीत आले आणि राज्यकारभाराच्या परिभाषेत स्थिरावले. ज्या भाषांतून ते आले तेथे मात्र त्यांस आणखी एक अर्थ आहे व तो मराठीत उतरलेला नाही. इराणात ज्याचा वा जिचा विवाह ठरला आहे अशा व्यक्तीस नामजद म्हणतात. उर्दूत निस्बत ठरणे म्हणजे सोयरीक जुळणे. 'निशाण' ह्या तिसऱ्या शब्दाची हीच गत आहे. मराठीत तो ध्वज झाला. तुर्कीत मात्र निशान म्हणजे वाङ्निश्चयाचा समारंभ आणि निशानली म्हणजे वाग्दत्त. नाव लागणे, संबंध जडणे, खूण होणे, ह्या तिन्ही कल्पनांचा रोख एकच आहे : ती व्यक्ती आता मोकळी राहिली नाही, ती कोणाची तरी झाली.

इस्लामी धर्मशास्त्राचा स्वतःचा जो शब्द आहे, 'खित्बा', तो मात्र यांतले काहीच सांगत नाही. त्याचा अर्थ केवळ विचारणे, मागणी घालणे. विवाह ठरलेल्या स्त्रीपुरुषांनी परस्परांशी कसे वागावे ह्याविषयी मुस्लिम समाजांत शतकानुशतके जो वाद चालत आला आहे, त्याचे मूळ बऱ्याच अंशी ह्या दोन प्रकारच्या शब्दांमधील अंतरात सापडते. शास्त्राच्या दृष्टीने मागणी आणि निकाह यांच्या दरम्यान कोणतीही मधली अवस्था नाही. लोकव्यवहाराने आणि लोकभाषेने ती अवस्था पुनःपुन्हा निर्माण केली आहे.

'खित्बा' हा शब्द ख-त-ब ह्या धातूचा. शुक्रवारच्या नमाजाआधीचे प्रवचन तो 'खुत्बा', संबोधन तो 'खिताब', आणि स्त्रीस मागणी घालण्याचे बोलणे ती 'खित्बा'. पहिल्या व शेवटच्या शब्दांत भेद एका ऱ्हस्व स्वराचा, आणि तो नीट पाळावा म्हणून अरबी कोशकार आवर्जून बजावतात. दोहोंतही मुख्य कल्पना बोलण्याची आहे. कुराणात हा शब्द ह्या अर्थाने एकदाच येतो (२.२३५), आणि तेथेही प्रसंग कुमारिकेच्या मागणीचा नसून इद्दत पाळीत असलेल्या विधवेचा आहे. तिच्याविषयीची इच्छा आडून सूचित करण्यास हरकत नाही; गुप्तपणे वचन घेऊ नये; मुदत संपेपर्यंत विवाहाची गाठ बांधू नये, असा त्या वचनाचा आशय आहे. जमख्शरी (मृत्यू ११४४) हा भाष्यकार मूळचा वैयाकरण. ह्या स्थळी तो थांबून 'किनाया' आणि 'तअरीज' यांतील भेद समजावून सांगतो : एका प्रकारात वस्तूचा निर्देश दुसऱ्या शब्दाने होतो, दुसऱ्यात बोललेल्या वाक्यातून न बोललेली गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते. शोकाकुल स्त्रीच्या दारी उभ्या असलेल्या पुरुषाने काय बोलावे ह्या प्रश्नातून वक्रोक्तीचा विचार निघावा, हे अरबी विद्यापरंपरेच्या स्वभावाला धरूनच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की खित्बेचा पहिला शिष्टाचार हा वाणीचा शिष्टाचार होता.

फिक्हच्या ग्रंथांत वाग्दत्त स्त्रीपुरुष हे एकमेकांस 'अजनबी', म्हणजे परके, मानले गेले आहेत. मागणी मान्य झाली, तारीख ठरली, भेटवस्तूंची देवघेव झाली, तरी त्यांचे परकेपण निकाहाच्या क्षणापर्यंत संपत नाही. 'खल्वा', म्हणजे दोघांनीच एकांतात असणे, निषिद्ध. स्त्रीबरोबर तिचा महरम, म्हणजे ज्याच्याशी तिचा विवाह कधीही होऊ शकत नाही असा निकटचा आप्त, असला पाहिजे. बुखारी आणि मुस्लिम ह्या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसवर हा नियम आधारलेला आहे. मर्यादेने बोलण्यास, परस्परांची विचारपूस करण्यास, भेटी पाठविण्यास बंदी नाही; स्पर्शास आहे.

ह्या कठोर चौकटीत एक अपवाद आहे, आणि तो मोठा उद्बोधक आहे. मुगीरा इब्न शुअबा ह्यांनी एका स्त्रीस मागणी घातली, तेव्हा तिला आधी पाहून ये, त्याने तुम्हां दोघांत सलोखा राहण्याचा संभव अधिक, असा सल्ला पैगंबरांनी त्यांस दिला. इब्न माजाच्या संग्रहात ही कथा थोडी पुढे जाते. मुगीरा मुलीच्या आईबापांकडे जाऊन हे सांगतात, तेव्हा त्यांस ते आवडलेले दिसत नाही. आतील खोलीतून मुलगी ते ऐकते आणि म्हणते, की पैगंबरांनी सांगितले असेल तर अवश्य पाहा. नसेल तर तुम्हांस ईश्वराची शपथ आहे. मुगीरांनी तिला पाहिले आणि विवाह झाला. रूढी आईबापांच्या मुद्रेवर उमटली आहे आणि शास्त्राचा आधार मुलगी स्वतः घेते आहे, ही गोष्ट सहज नजरेआड होण्यासारखी नाही.

किती पाहावे ह्याविषयी मात्र पंथापंथांत मतभेद झाले. बहुसंख्य शास्त्रकारांनी चेहरा आणि हात एवढ्यावर मर्यादा घातली : चेहऱ्यावरून रूप कळते, हातांवरून देहाची ठेवण, असे त्याचे समर्थन. हंबली पंथीयांनी घरात वावरताना सहज उघडे राहणारे अवयव त्यात धरले. मालिकी पंथाने स्त्रीस नकळत पाहणे अप्रशस्त ठरविले, तर शाफिईंनी तिला कळविण्याची आवश्यकता मानली नाही. आधी कळविले आणि नंतर नकार दिला तर तिचा अपमान होईल, ही त्यामागील भूमिका. दोन्ही मतांत स्त्रीच्या प्रतिष्ठेचीच काळजी आहे. केवळ ती दोन दिशांनी वाहते.

ही परवानगी प्रयोजनापुरती आहे. निर्णय करावयाचा आहे म्हणून पाहावयाचे. निर्णय झाला की कारण संपले आणि कारणाबरोबर मुभाही संपली. तेव्हा काटेकोर शास्त्रार्थाने पाहता मागणी पक्की होण्यापूर्वी जे क्षम्य होते ते पक्की झाल्यावर राहत नाही. लोकाचार नेमका ह्याच्या उलट चालतो. लग्न ठरल्यावर दार थोडे अधिक उघडावे, येणेजाणे वाढावे, हे सर्वत्र स्वाभाविक वाटते.

वाग्दत्तांच्या परस्पर वर्तनापेक्षा त्रयस्थाच्या वर्तनाविषयी शास्त्र अधिक बोलते. आपल्या बंधूने घातलेल्या मागणीवर कोणी मागणी घालू नये, तो मागे सरेपर्यंत थांबावे, ही हदीस प्रसिद्ध आहे. मालिक इब्न अनस (मृत्यू ७९५) ह्यांनी 'मुवत्ता' ग्रंथात तिचा अर्थ मर्यादित केला : स्त्रीचा कल झाला असेल आणि मेहर उभयपक्षी ठरला असेल तेव्हाच हा निषेध लागू, नुसत्या पहिल्या विचारणेने इतरांची वाट अडत नाही, अन्यथा लोकांस मोठी अडचण होईल. ह्याला पुष्टी म्हणून फातिमा बिन्त कैस हिचे उदाहरण दिले जाते. तिला एकाच वेळी दोघांच्या मागण्या आल्या होत्या. तिने सल्ला विचारला असता पैगंबरांनी त्या दोघांना बाजूस सारून तिसऱ्याचे, उसामा इब्न जैद ह्यांचे, नाव सुचविले. निषेध मोडून विवाह केलाच तर तो टिकतो की नाही? अबू हनीफा व शाफिई यांच्या मते पाप घडते पण विवाह टिकतो. दाऊद जाहिरी तो रद्द मानतो. मालिकांचे मत परस्परविरोधी रूपांत आले आहे.

ह्या नियमामागील सूक्ष्म भाव कोणत्याही शास्त्रार्थापेक्षा एका कथेत अधिक स्पष्ट होतो. उमर ह्यांची कन्या हफ्सा विधवा झाली. उमरनी आपण होऊन तिचा प्रस्ताव उस्मान यांच्याकडे नेला. त्यांनी विचार करून नकार दिला. मग अबू बक्र यांच्याकडे नेला. ते काहीच बोलले नाहीत. नकारापेक्षा हे मौन उमरना अधिक लागले. काही दिवसांनी स्वतः पैगंबरांची मागणी आली आणि विवाह झाला. त्यानंतर अबू बक्र भेटून म्हणाले, की तुम्ही माझ्यावर रागावला असाल. परंतु पैगंबरांनी तिचा विषय काढलेला मला ठाऊक होता, त्यांचे गुपित फोडणे मला शक्य नव्हते, आणि त्यांनी विचार सोडला असता तर मी तिला स्वीकारले असते. येथे मागणी झालेलीही नाही, केवळ मनोदय कोणाच्या कानी आला आहे. आणि त्या मनोदयाचा मान राखण्यासाठी एक मित्र दुसऱ्याचा रोष पत्करून गप्प बसतो. त्याच कथेत मुलीचा बाप उघडपणे वर शोधीत फिरतो, ह्यात कोणास उणेपणा वाटत नाही. 'मुलीकडच्यांनी विचारू नये' असा जो संकेत पुढे अनेक मुस्लिम समाजांत दृढ झाला, त्याला ह्या जुन्या कथांत आधार नाही. खदीजा ह्यांनी तर मध्यस्थ स्त्रीकरवी स्वतःच विचारणा केली असे चरित्रकार सांगतात.

भाषेने मात्र हा संकेत आपल्या व्याकरणात साठवून ठेवला. शास्त्रग्रंथांत पुरुष तो 'खातिब', म्हणजे मागणारा, आणि स्त्री ती 'मख्तूबा', म्हणजे मागितली गेलेली : एक कर्तरी, दुसरे कर्मणी कृदन्त. आधुनिक अरबीत नित्य वापरातली जोडी 'खतीब' आणि 'खतीबा' अशी आहे. एकाच घडणीचे रूप, केवळ लिंगभेद उरलेला. कर्ता आणि कर्म हा भेद गेला आणि दोघे समान अवस्थेचे धनी झाले. ही अवस्था शास्त्राने नाकारलेली. शब्दांनी ती मान्य केली. आपल्याकडील 'वाग्दत्ता' हा शब्द येथे आठवल्यावाचून राहत नाही. वाणीने दिली गेलेली ती वाग्दत्ता. आज मराठी लेखक 'वाग्दत्त वर' असेही निःसंकोच लिहितात, आणि वराला कोणी कोणास दिले, हे विचारण्याची गरज कोणास भासत नाही.

दख्खनमध्ये ह्या अवस्थेला किती अंगे फुटली होती ते 'कानूने इस्लाम' ह्या ग्रंथावरून कळते. जाफर शरीफ ह्या दख्खनी लेखकाने लिहिलेला आणि हर्क्लॉट्स ह्यांनी इंग्रजीत आणलेला हा ग्रंथ १८३२ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यात मंगनीच्या जोडीला पानवाटप, शुक्राना, नमक-चशी असे लहानमोठे विधी वर्णिलेले आहेत. त्यांतील 'दहलीज खुंदलाना' ह्या विधीचे नाव मराठी वाचकास ओळखीचे वाटेल. दहलीज म्हणजे उंबरठा, आणि खुंदलाना हे क्रियापद मराठी 'खुंदळणे', म्हणजे तुडविणे, ह्याचे सख्खे भावंड. जावयाने सासरचा उंबरठा प्रथम ओलांडणे ह्यालाच स्वतंत्र संस्कार कल्पिलेला. 'मंगनी' आणि मराठी 'मागणी' हेही एकाच मुळाचे, संस्कृत मार्गण व प्राकृत मग्गण यांतून आलेले. आणि खित्बेचा मूळ अर्थही तोच. परंतु दख्खनीत 'मंगनी झाली' असे म्हटले की एक समारंभ आटोपला आणि मुलगा 'मंगेतर' झाला असा बोध होतो. क्रियेचा समारंभ झाला, समारंभाची अवस्था झाली. मराठीत 'मागणी घालणे' ही क्रियाच राहिली. अवस्थेसाठी आपण साखरेच्या पुड्याकडे वळलो.

उत्तर हिंदुस्थानातील धर्मसुधारकांना हा पसारा खुपला. अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या 'बिहिश्ती जेवर' ह्या ग्रंथात लग्नाच्या रूढींवर झोड उठविताना मंगनीही सोडली नाही : तोंडी दिलेल्या वचनापलीकडे तिला काही अर्थ नाही, त्यासाठी देणीघेणी आणि जमाव कशाला, असा त्यांचा सवाल. शब्दार्थाच्या बाजूने पाहता त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे. परंतु जमाव कशासाठी, ह्या प्रश्नाला समाजाचेही एक उत्तर आहे. साक्षीदारांसमोर झालेली मंगनी मोडणे कठीण जाते, आणि ती मोडल्याची झळ मुलीला अधिक लागते. जमाव हे तिच्या बाजूचे तारण असते. सुधारकांच्या लेखनात ह्या गोष्टीचा विचार फारसा आढळत नाही.

मंगनी मोडलीच तर काय, ह्याचे शास्त्रीय उत्तर मुख्यतः वस्तूंच्या परतीपुरते आहे. मेहरपोटी आगाऊ दिलेले परत करावे, कारण मेहर विवाहाने देय होतो आणि विवाह झालेला नाही. भेटवस्तूंविषयी हनफी मत असे की वस्तू जशीच्या तशी शिल्लक असेल तर परत मागता येते, वापरून संपली असेल तर नाही. उत्तरकालीन मालिकी मताने दोष कोणाचा हे पाहिले : मोडणारा पुरुष असेल तर त्याने काही परत मागू नये. १९१७ च्या उस्मानी कुटुंबकायद्याने पहिल्याच कलमांत सांगून टाकले की मागणीने व वचनाने निकाह होत नाही. १९५३ च्या सीरियन कायद्याने त्यात लोकरूढीचा एकेक धागा मोजून घातला : वचन, फातिहाचे पठण, मेहरचा स्वीकार, भेटींचा स्वीकार, यांपैकी कशानेही विवाह सिद्ध होत नाही. इतक्या गोष्टींची नावे घ्यावी लागली, ह्याचाच अर्थ लोक त्या गोष्टींस विवाहासमान मानीत होते. मुंबई उच्च न्यायालयानेही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास असाच पवित्रा घेतला : इंग्लंडच्या पद्धतीची वचनभंगाची भरपाई मुसलमानी कायद्यात बसत नाही, दागिने, कपडे, रोकड अशा दिलेल्या वस्तू तेवढ्या परत मिळतील. तुर्कस्तानाने मात्र १९२६ मध्ये स्विस नमुन्याचा दिवाणी कायदा स्वीकारून वाङ्निश्चयास कायदेशीर अवस्थेचा दर्जा दिला आणि भरपाईचा मार्ग मोकळा केला. निशान ह्या शब्दाने जे आधीच मानले होते ते तेथे संहितेत आले.

शास्त्र सोडावयाचे नाही आणि वाग्दत्तांना परकेही राहू द्यावयाचे नाही, अशा पेचातून दोन युक्त्या निघाल्या. इराणातील शिया समाजात वाग्दत्तांमध्ये मुदतीचा विवाह लावून त्यांस एकमेकांस भेटण्याबोलण्याची मोकळीक देतात. त्यास 'सीगये महरमियत' म्हणतात. शिया फिक्हमध्ये मुदतीचा विवाह वैध असल्यामुळे हे शक्य होते. सुन्नी समाजांत हा मार्ग बंद आहे. तेथे, विशेषतः शाम प्रदेशात, म्हणजे पॅलेस्टाइन, जॉर्डन, सीरिया ह्या भागात, निकाहाचा करारच आधी लिहून घेतात. त्याला 'कत्ब-अल्-किताब' म्हणतात. वधू माहेरीच राहते, सासरी पाठवणी काही महिन्यांनी, कधी वर्षाने होते. ह्या अवधीत दोघे हिंडतातफिरतात आणि शेजारपाजारचे लोक त्यांस 'खतीब-खतीबा' असेच म्हणतात. कायद्याने मात्र ते पतिपत्नी असतात.

एका शब्दाचा अर्थ येथे कसा पालटतो ते पाहण्यासारखे आहे. वाग्दत्तांना जी 'खल्वा' निषिद्ध होती, तीच किताब लिहिल्यावर मेहरचे माप होऊन बसते. सहवासापूर्वी तलाक झाला तर ठरलेल्या मेहरचा अर्धा भाग स्त्रीस मिळावा, असे कुराण सांगते (२.२३७), आणि अशा स्त्रीवर इद्दत नाही (३३.४९). परंतु हनफी मताप्रमाणे दोघांस निर्वेध एकांत मिळाला असेल तर सहवास झाला असे धरावे. पूर्ण मेहर देय होतो आणि इद्दतही लागते. मग निर्वेध एकांत कशाला म्हणावे? मशिदीत वा वाटेवर तो होत नाही. खोलीत तिसरे माणूस असेल तर, ते झोपलेले वा आंधळे असले तरीही, होत नाही. दोहोंपैकी एक आजारी असेल वा रमजानचा रोजा असेल तरी होत नाही. हा काथ्याकूट वरवर पाहणाऱ्यास हास्यास्पद वाटेल. पण त्या दाराच्या कडीवर एका मुलीच्या हक्काच्या अर्ध्या रकमेचा निकाल अवलंबून असतो, आणि तिला लगेच दुसरा विवाह करता येईल की नाही ह्याचाही.

मोरोक्कोच्या २००४ च्या कुटुंबसंहितेने तिसरीच वाट धरली. खित्बा हे केवळ परस्परांस दिलेले विवाहाचे वचन, ही जुनी व्याख्या तिने कायम ठेवली. तरीही १५६ व्या कलमात असे सांगितले की खित्बा दोन्ही कुटुंबांत जाहीर असेल, आवश्यक तेथे वलीची संमती असेल, काही कारणाने करार नोंदविता आला नसेल आणि त्या अवधीत स्त्री गरोदर राहिली असेल, तर दोघांनी ते मूल आपले असल्याचे कबूल केल्यास त्याचे पितृत्व वाग्दत्त पुरुषाकडे जावे. ह्यासाठी आधार घेतला आहे तो 'शुब्हा', म्हणजे विवाह असल्याचा सद्भावपूर्वक समज, ह्या प्राचीन संकल्पनेचा. मधली अवस्था नाही असे म्हणत म्हणत संहितेने तिच्यात जन्मलेल्या मुलास बाप दिला.

शाम प्रदेशात असे करण्याची गरज पडली नाही, कारण तेथे किताब आधीच लिहिलेले असते. तेथील अडचण निराळी आहे. संबंध फिसकटला की घरचे व शेजारी म्हणतात, खित्बा मोडली. काजीच्या दफ्तरात मात्र तलाक नोंदला जातो, आणि माहेरचा उंबरठाही न सोडलेली मुलगी 'मुतल्लका', म्हणजे घटस्फोटिता, होते. जॉर्डनच्या शरई न्यायालयांच्या आकडेवारीत अशा प्रकरणांसाठी आता वेगळा रकाना असतो. त्याचे शीर्षक 'दुखूलपूर्व तलाक' असे आहे.